चिंतामणराव देशमुखांचे मौन आणि त्यांचे बोलणे

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता नाते, कोंझर आणि पाचाड ही गावे मागे टाकीत हिरकणीवाडीला पोहोचतो. आज तेथून दोरवाट गडावर जाते आणि प्रवाशांचे लक्ष साहजिकच वरच्या कड्याकडे लागलेले असते. वाटेतल्या नाते गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांना ती ठाऊक असते त्यांच्याही लेखी देशमुखांची ओळख बहुधा एका प्रसंगापुरती असते. महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस, एवढीच ती ओळख. ती खोटी नाही. पण अपुरी मात्र निश्चित आहे.

जो दुसऱ्याचे वेतन घेतो त्याने त्या दुसऱ्याविषयी चारचौघांत किती बोलावे, हा प्रश्न जुना असला तरी निकालात निघालेला नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांवरील वर्तनासंबंधी परिपत्रक काढले आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास त्यांना मज्जाव केला, तेव्हा तो पुन्हा ऐरणीवर आला. या प्रश्नाची चर्चा करणाऱ्याने देशमुखांचे चरित्र अवश्य पाहावे. परक्या सरकारचा नोकर, मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर, स्वतंत्र भारताचा मंत्री आणि सरकारने नेमलेल्या आयोगाचा अध्यक्ष अशा चार भूमिका त्यांनी एकामागून एक वठविल्या. प्रत्येक भूमिकेत त्यांच्या जिभेवरचा लगाम वेगळ्या मापाचा होता, आणि तो किती मानायचा हे त्यांनी दर वेळी विचारपूर्वक ठरविले.

सनदी नोकराचे मौन

देशमुखांचे वडील रोह्याला वकिली करीत. रोहे आणि तळे येथे प्राथमिक शिक्षण घेऊन चिंतामण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाला, आणि १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस. च्या परीक्षेत तो सर्वप्रथम आला. खलाटीतल्या एका खेड्यातील मुलाने साम्राज्यातील सर्वांत चुरशीच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावावा, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

तो काळही सामान्य नव्हता. देशात असंतोष धुमसत होता आणि परक्या सरकारची चाकरी पत्करावी की नाही हा प्रश्न प्रत्येक मानी तरुणापुढे उभा होता. त्या वेळी लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. तरुण देशमुखांनी त्यांचा सल्ला घेतला, आणि स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसे लागतीलच, तेव्हा ही नोकरी करावी, असाच सल्ला टिळकांनी दिला. दोन वर्षांनी सुभाषचंद्र बोस हीच परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांनी मात्र १९२१ मध्ये राजीनामा देऊन चळवळीचा मार्ग धरला. दोन्ही निर्णय देशप्रेमातून झाले. दोहोंची किंमत मात्र निरनिराळी होती. सुभाषबाबूंनी पगार सोडला आणि वाणी मोकळी केली. देशमुखांनी पगार घेतला आणि त्याबरोबर मौनही पत्करले.

सनदी नोकर या शब्दातच करार अभिप्रेत आहे. १९२० पासून जवळजवळ दोन दशके देशमुखांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात जमाबंदी, महसूल आणि वित्त या खात्यांत काम केले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. गांधीजी जेथे देशाची बाजू मांडीत होते, तेथे हा मराठी अधिकारी टिपणे करीत बसला होता. या सर्व काळात त्यांनी सरकारच्या धोरणावर जाहीर टीका केल्याचे दिसत नाही. आजच्या वाचकाला हे मौन कदाचित खुपेल. परंतु त्या मौनाची एक दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश प्रशासनाची पद्धत अशी की, नोकराने बाहेर बोलू नये, पण फायलीवर मात्र आपले मत निःसंकोच लिहावे. वरिष्ठाने ते फेटाळले तरी टिपण कायम राही. बाहेर मौन आणि आत लेखी निर्भीडपणा असा तो व्यवहार होता, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग नाहीसा झाला की पहिल्या अर्ध्याला नैतिक आधार उरत नाही.

याचा पडताळा पुढे स्वतंत्र भारतातच आला. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. त्या प्रकरणाच्या न्या. छागला चौकशीत कळीचा प्रश्न हाच होता की, या व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती की नव्हती. ती संमती किंवा तिला झालेला विरोध कागदावर नीट उतरला असता, तर इतका खल करण्याची वेळ आलीच नसती. तोंडी हुकमांच्या राज्यात नोकराचे मौन म्हणजे शिस्त राहत नाही. ते संगनमत तरी ठरते, नाहीतर बळी जाण्याची तयारी तरी.

आकडे प्रसिद्ध करणे हेही बोलणेच

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेशी जोडले गेले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. महायुद्धाच्या खर्चापायी चलन फुगत होते आणि ब्रिटनकडे भारताची येणी साठत होती. १९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला गेलेल्या भारतीय प्रतिनिधिमंडळात सर जेरेमी रेझमन, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ यांच्याबरोबर देशमुखही होते. त्या मंडळाने स्टर्लिंग येण्यांचा प्रश्न जगापुढे मांडला, तोही ब्रिटिश सरकारच्या इच्छेविरुद्ध. मंडळाचे नेतृत्व इंग्रज वित्त सदस्याकडे होते आणि देशमुख स्वतः अद्याप ताजचे सेवक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मांडणीचे मोल कळते.

तथापि, गव्हर्नर देशमुखांचे अधिक टिकाऊ कार्य निराळे आहे. त्यांच्या कारकिर्दीत बँकेच्या संशोधन व सांख्यिकी विभागाची उभारणी झाली आणि जानेवारी १९४७ पासून बँकेची मासिक पत्रिका प्रसिद्ध होऊ लागली. चलन किती, ठेवी किती, भाव कोठे चालले आहेत, हे दरमहा छापून लोकांपुढे ठेवणे ही वरकरणी निरुपद्रवी गोष्ट वाटते. पण सरकारच्या आर्थिक दाव्यांना सरकारच्याच एका संस्थेने दिलेली ती कसोटी असते. गव्हर्नराला व्यासपीठावरून सरकारला दोष देण्याची गरजच पडू नये, आकड्यांनीच बोलावे, अशी ही व्यवस्था. प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही देशमुखांनी प्रदीर्घ काळ सांभाळले, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तिलाही त्यांचे पाठबळ होते.

म्हणूनच जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी रोजगारविषयक पाहणीचा अहवाल अडकून पडल्यावरून पदे सोडली, तेव्हा तो केवळ दोन व्यक्तींचा रुसवा नव्हता. तो अहवाल अखेर त्याच वर्षीच्या मे महिन्यात, निवडणुकीनंतर, प्रसिद्ध झाला. आकडे वेळेवर प्रसिद्ध झाले नाहीत की जाणत्या नोकरापुढे दोनच वाटा उरतात: गप्प बसणे किंवा पायउतार होणे.

मध्यवर्ती बँक आणि सरकार यांतील तोल किती नाजूक असतो याचा अनुभव देशमुखांच्या नंतरचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनाही आला. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना बँक म्हणजे अर्थखात्याची जणू एक शाखाच अशी भूमिका घेतली गेली आणि रामा राव यांनी जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. देशमुख अर्थमंत्री असताना असा प्रसंग उद्भवला नाही. जो स्वतः खुर्चीच्या अलीकडे बसला होता, त्याला पलीकडच्याची अडचण समजत होती.

विरोधी मताला जागा

१ जून १९५० रोजी देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्या जन्मजिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना, १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेतून झालेला स्टेट बँकेचा जन्म, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण आणि नवा कंपनी कायदा ही त्यांच्या कारकिर्दीतील ठळक कामे सर्वश्रुत आहेत. येथे एका कमी प्रसिद्ध गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते.

दुसऱ्या योजनेच्या आराखड्यावर मत देण्यासाठी १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांचे एक मंडळ नेमले होते आणि देशमुख त्याचे अध्यक्ष होते. मंडळातील बहुतेकांनी आराखड्याला संमती दिली. प्रा. बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने विरोध केला. इतकी मोठी योजना तुटीच्या अर्थभरण्यावर पेलणार नाही, भाववाढ होईल, असा त्यांचा आक्षेप होता. हे मत देशमुखांच्या खात्याला सोयीचे नव्हते. तरीही शेणॉय यांची भिन्नमतपत्रिका दडपली गेली नाही; ती अधिकृत कागदपत्रांबरोबर छापली गेली. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि शेणॉय यांच्या इशाऱ्याची आठवण अनेकांना झाली. शेणॉय सर्वस्वी बरोबर होते की नव्हते, हा वाद अर्थशास्त्रात अद्याप चालू आहे. पण विरोधी मत छापून ठेवल्यामुळे सरकार कोसळले नाही, उलट देशाला स्वतःच्या निर्णयाकडे मागे वळून पाहण्याचे साधन मिळाले, हे वादातीत आहे.

सामुदायिक जबाबदारीची कसोटी

मंत्री हा कोणाचा नोकर नव्हे. परंतु मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचे बंधन कित्येकदा नोकरीच्या नियमांहून कडक असते. बैठकीत वाटेल तेवढा विरोध करावा. बाहेर आल्यावर निर्णय आपलाच म्हणून सांगावा, किंवा मंत्रिपद सोडावे. १९५५-५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांच्या वाट्याला हीच कसोटी आली.

राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ अखेरीस अहवाल दिला आणि विदर्भ वगळून मुंबईचे द्विभाषिक राज्य सुचविले. पुढे तीन राज्यांची योजना आली. तीत मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवायचे होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि शहर पेटले. पुढच्या काही दिवसांत पोलिसांच्या गोळ्यांनी कित्येकांचे बळी घेतले.

त्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या रात्री, देशमुखांनीही आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. विषय मात्र आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा होता. आपल्या मतदारांवर गोळ्या झाडल्या जात असताना अर्थमंत्री विमापत्रांच्या सुरक्षिततेविषयी बोलत होता. या विसंगतीकडे बोट दाखवून त्यांना कोरडे ठरविणे सोपे आहे. वस्तुतः त्या जानेवारीतच त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनाम्याची तयारी दर्शविली होती. वाटाघाटींना अवसर मिळावा म्हणून ती गोष्ट लांबणीवर पडली. मधल्या काळात त्यांनी अंदाजपत्रक मांडले, खात्याचे काम चोख केले, आणि मुंबईविषयी जाहीरपणे ब्र काढला नाही. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीका झाली. खुर्चीचा मोह सुटत नाही असेही लोक म्हणाले. ते त्यांनी ऐकून घेतले.

जूनमध्ये मुंबई पाच वर्षे केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झाली आणि तडजोडीची आशा मावळली. जुलै १९५६ मध्ये राजीनामा स्वीकारला गेला. २५ जुलै रोजी लोकसभेत देशमुखांनी जे निवेदन केले, त्यात सहा महिन्यांच्या मौनाचा हिशेब एकदम चुकता झाला. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न होता जाहीर झाला, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि महाराष्ट्राविषयी आकस बाळगला गेला, असे गंभीर आरोप त्यांनी थेट पंतप्रधानांवर केले. नेहरूंनी ते नाकारले. दोघांपैकी कोणाची बाजू कितपत खरी, याचा ऊहापोह इतिहासकार करतील. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, देशमुखांनी क्रम पाळला. आधी आत बोलणे, मग पद सोडणे, मग सभागृहात उघड बोलणे. हा क्रम पाळल्यामुळेच त्यांच्या शब्दाला वजन आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला त्या निवेदनाने जे नैतिक बळ दिले, ते शंभर सभांनी मिळाले नसते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, त्यात हुतात्म्यांच्या रक्ताबरोबर या राजीनाम्याचाही वाटा आहे.

पदावर राहून केलेली टीका

येथे चरित्र संपले असते, तर राजीनामा दिल्यावाचून बोलू नये एवढाच धडा त्यातून निघाला असता. पण देशमुखांनी पुढे तो धडा स्वतःच दुरुस्त केला. १९५६ मध्येच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या पंतप्रधानांवर लोकसभेत आरोप केले, त्यांच्याच सरकारच्या काळात हे पद त्यांच्याकडे आले, ही गोष्ट दोघांच्याही मोठेपणाची साक्ष देते.

१९५९ मध्ये, या पदावर असतानाच, देशमुखांनी सार्वजनिक जीवनातील वरिष्ठ पातळीवरच्या भ्रष्टाचाराविषयी जाहीरपणे तोंड उघडले. अशा तक्रारींची चौकशी करणारे उच्चाधिकारयुक्त, निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमावे, आणि ते नेमल्यास आपण स्वतः काही प्रकरणे त्याच्यापुढे ठेवू, असे त्यांनी सांगितले. देशभर खळबळ उडाली. मोघम आरोपांवरून असे न्यायाधिकरण नेमणे पंतप्रधानांना मान्य झाले नाही. अनुदान आयोगाच्या अध्यक्षाने असे बोलावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. परंतु देशमुखांना पदावरून दूर करण्यात आले नाही. १९६१ पर्यंत ते अध्यक्ष राहिले. पुढे संथानम समिती नेमली गेली आणि १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. लोकपालाचा कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. १९५९ च्या एका भाषणामुळे हे सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या दिशेने देश अखेर गेला, ती दिशा एका पदस्थ माणसाने जाहीर बोलून दाखविली होती.

१९५६ आणि १९५९ यांतील फरक नीट पाहिला पाहिजे. पहिल्या वेळी विषय त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा होता; त्या निर्णयाचे ते भागीदार होते, म्हणून बाहेर पडूनच बोलणे त्यांना योग्य वाटले. दुसऱ्या वेळी विषय त्यांच्या आयोगाच्या कामाचा नव्हता. तो प्रत्येक नागरिकाचा होता, आणि नागरिक म्हणून बोलण्यासाठी खुर्ची रिकामी करण्याचे कारण नव्हते. पदाने माणसाचे काम बांधले जाते, त्याचे नागरिकत्व नव्हे, असा या फरकाचा अर्थ आहे.

नियमांची मोजपट्टी

आपले नियम हा भेद मानीत नाहीत. केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांचा रोख शासनाच्या चालू किंवा नजीकच्या धोरणावर प्रतिकूल टीका होऊ नये, असा सरसकट आहे. जमाबंदी खात्यातील कारकुनाने शिक्षणधोरणावर लिहिले तरी तो कचाट्यात सापडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात बिहारचा निदर्शनबंदीचा नियम रद्द केला आणि शासकीय सेवेत शिरल्याने कोणी मूलभूत हक्कांना मुकत नाही, हे स्पष्ट केले. संपाचा हक्क मात्र त्या निकालाने दिला नाही. अमेरिकेतही न्यायालयांना हा पल्ला गाठायला वेळ लागला. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाची धारणा अशी होती की, शिपायाला राजकारण बोलण्याचा हक्क असेल, पण शिपाई राहण्याचा नाही. इलिनॉयच्या पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळामंडळाच्या पैशाच्या विनियोगावर वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि नोकरी गमावली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. शाळेचा पैसा कसा खर्च होतो हे शिक्षकाला सर्वांत जास्त ठाऊक असते, म्हणून त्याचे बोलणे समाजाला हवे असते, हा त्यामागचा विचार होता.

नियमांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळता कामा नये. जिल्हाधिकारी एखाद्या पक्षाचा प्रचार करू लागला तर विरोधी पक्षाच्या माणसाने दाद कोठे मागावी? अंदाजपत्रकाचे गुपित फोडणाऱ्याला विचारस्वातंत्र्याची ढाल कशी मिळणार? जो निर्णय आपल्यालाच अंमलात आणायचा आहे, त्याची रोज बाहेर निंदा करणाऱ्या अधिकाऱ्यावर लोक विश्वास कसा ठेवतील? देशमुखांनी स्वतः ही बंधने आयुष्यभर पाळली, ती भीतीपोटी नव्हे, पटली म्हणून.

पण देशमुखांची मोजपट्टी सर्वांना लावता येत नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुख्य मुद्दा हाच आहे. राजीनामा देणे हे स्वातंत्र्य खरे, पण ते विकत घ्यावे लागते. ज्याच्यापाशी विद्वत्ता, कीर्ती आणि दुसऱ्या दहा संस्थांची निमंत्रणे आहेत, त्याला ते परवडते. तालुक्याच्या गावी जेथे पगार देणारा एकच असतो, तेथे तलाठी, आरोग्यसेविका, जिल्हा परिषदेचा शिक्षक यांना राजीनामा म्हणजे चूल विझणे. बाजारात खरेदीदार एकच उरला की विकणाऱ्याला भाव ठरविता येत नाही. मग तो श्रमांबरोबर आपले मतही फुकट देऊन बसतो. खासगी नोकरीत तर स्थिती याहून बिकट आहे, कारण राज्यघटनेतील हक्क बहुशः शासनाविरुद्ध आहेत, कारखानदाराविरुद्ध नाहीत.

आणि या मौनाची किंमत केवळ नोकर मोजत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह पुरात वाहून गेल्या. त्या दुर्घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे या लेखाचे काम नव्हे. पण कोणत्याही पुलाची भेग, कोणत्याही कारखान्याच्या सांडपाण्याचा रंग, कोणत्याही धान्यगोदामातील घट सर्वांत आधी दिसते ती मैलकुलीला, कामगाराला, कारकुनाला. त्याने वरिष्ठाला सांगितले आणि वरिष्ठाने कानाआड केले, तर पुढे त्याने काय करावे? माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला खरा, पण वर्षानुवर्षे तो अंमलात आणला गेला नाही. बोलण्याची वाट बंद करून न बोलल्याबद्दल दोष देणे याला न्याय म्हणत नाहीत.

तेव्हा देशमुखांना जे त्यांच्या योग्यतेमुळे मिळाले, ते लहान नोकराला नियमाने मिळाले पाहिजे. त्याचे विरोधी टिपण फायलीवर राहावे आणि त्याबद्दल त्याची बदली होऊ नये. आपल्या कामाशी संबंध नसलेल्या सार्वजनिक प्रश्नावर त्याला कोणत्याही नागरिकाप्रमाणे लिहिता-बोलता यावे. लोकांच्या जिवाला किंवा पैशाला धोका दिसत असेल आणि वरिष्ठ ऐकत नसतील, तर उघडपणे सांगण्याची त्याला मुभा आणि संरक्षण असावे. गुपिते, पक्षीय प्रचार आणि बेजबाबदार बदनामी यांवरची बंधने खुशाल राहावीत. एवढ्याने शासनाची शिस्त ढासळणार नाही.

हिरकणीची आख्यायिका या प्रदेशात प्रत्येकाच्या तोंडी आहे. सांजवेळी गडाचे दरवाजे बंद झाले. हुकूम म्हणजे हुकूम. पण घरी तान्हे मूल असलेली गवळण कडा उतरून गेली. दंतकथा असे सांगते की, महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. ती जेथून उतरली ती जागा पाहिली, तेथे बुरूज बांधला आणि त्याला तिचेच नाव दिले. गड कोठून कच्चा आहे हे तिच्यामुळे कळले, हा त्यातला व्यवहारी भाग भक्तिभावात हरवून जातो. नोकराची टीका ही अशीच तटातली उणीव दाखविणारी वाट असते.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणराव देशमुखांचे निधन झाले. त्यांचे पुतळे उभारण्यापेक्षा, ज्या प्रामाणिक नोकराला त्यांच्याइतके मोठे होता येणार नाही त्याला पगार न गमावता खरे बोलता येईल असे नियम करणे, हे त्यांचे अधिक उचित स्मारक ठरेल.